दोन वाट्या चिंचोके

मैत्रिणींनो, तुमचे घर हमरस्त्याला लागून आहे का? असेल तर तुम्हीही माझ्यासारखेच करीत असाल. बोलता बोलता मध्येच थांबायचे, ट्रक पुढे जाऊ द्यायचा आणि मग उरलेले वाक्य पुरे करायचे. फोनवर धाकटी बहीण विचारते, "ताई, आहेस ना गं?" मी म्हणते, "आहे, आहे, एस. टी. जातेय." तेरा वर्षांपूर्वी मी लग्न होऊन या घरी आले, तेव्हा माहेरच्यांना केवढे कौतुक! एस. टी. अगदी दारात थांबते, म्हणजे पोरीला येण्याजाण्याची सोय झाली. सोय झाली खरी, पण दारात थांबणारी एस. टी. दारात हॉर्नही वाजवते, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही.

आमचे गाव कृष्णाकाठचे, तालुक्याचे. दिवाळी सरली की गळीत हंगाम सुरू होतो आणि उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर रात्रंदिवस कारखान्याकडे चालू लागतात. त्यावर मोठमोठे कर्णे आणि कर्ण्यांवर गाणी. भरलेली ट्रॉली कण्हत जाते आणि रिकामी परत येताना खड्ड्याखड्ड्यांत आदळून पत्र्याचा असा काही आवाज करते की मांडणीतल्या वाट्या किणकिणतात. याशिवाय ट्रक, वडाप, सायलेन्सर बदलून फटाके फोडत जाणारी पोरे, हे सगळे बारमाही.

खरे सांगते, हे सगळे मी संसाराचाच एक भाग मानले होते. भिंतीला ओल असते, नळाला पाणी कमी असते, तसा रस्त्याला आवाज असतो. मग दोन वर्षांपूर्वीची ती जानेवारीतली संध्याकाळ आली.

मी शाळेतून येऊन पोळ्या लाटत होते. (मी गावातल्या एका शाळेत अर्धवेळ शिक्षिका आहे. पाचवी ते सातवीला मराठी शिकवते.) बाहेर ट्रॅक्टरांची रांग अडकली होती, गाणी चालू होती, मागच्या गाड्या हॉर्नवर हॉर्न देत होत्या. पोळ्या झाल्या, भाजी झाली. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी द्यायची म्हणून पाण्याचे भांडे घेऊन मागे गेले, तर त्या मोरीपाशी जमिनीवर बसलेल्या. पाय घसरून पडल्या होत्या. उजवा हात पोटाशी धरलेला, चेहरा पांढराफटक.

"आई, हाक का नाही मारलीत?" मी ओरडलेच.

त्या म्हणाल्या, "किती मारल्या गं."

माझ्यात आणि त्यांच्यात एक भिंत होती आणि पंधरा पावले. वीस मिनिटे त्या मला हाका मारीत होत्या. मनगटाचे हाड मोडले होते. डॉक्टरांनी प्लॅस्टर घातले आणि म्हणाले, थोडक्यात निभावले. आमचे हेही तेच म्हणाले. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. हाड मोडले याचे दुःख होतेच. पण त्याहून वेगळे काहीतरी डाचत होते. घरातले माणूस हाक मारते आणि घरातल्याच माणसाला ती ऐकू येत नाही, मग त्याला घर कशाला म्हणायचे?

त्याच आठवड्यात आमच्याकडे संक्रांतीचे हळदीकुंकू होते. तिळगूळ घ्या, गोड बोला, असे म्हणायचे, पण आमच्या गल्लीत गोड बोलायचे तरी ओरडूनच! सासूबाईंचा हात पाहून विषय निघाला आणि मग एकेकीचे बाहेर पडू लागले. कोपऱ्यावरच्या वहिनींचे तान्हे बाळ हॉर्नसरशी दचकून उठते. वरच्या मजल्यावरच्या काकूंची नात दहावीला; ती पहाटे तीनला उठून अभ्यास करते, कारण तेवढेच दोन तास शांत. एकीने तर हळूच सांगितले, "आमच्या घरात सगळे चिडूनच बोलतात असं माहेरचे म्हणतात. चिडून नाही हो, ऐकू यावं म्हणून!" आम्ही हसलो, पण मला वर्गातला माझा आवाज आठवला. शाळाही याच रस्त्यावर. कविता शिकवताना मी ओरडून शिकवते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

अर्ज करायचे ठरले. मी बी. ए., त्यातून शिक्षिका, म्हणून लिहिण्याचे काम माझ्याकडे. "रस्त्यावर फार गोंगाट होतो, तरी योग्य तो बंदोबस्त व्हावा, ही विनंती." खाली एकेचाळीस सह्या. आम्ही चौघीजणी तो अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, रस्ता म्हटलं की आवाज होणारच. किती होतो? कधी होतो? कशाचा होतो? ते लिहिलंच नाही तुम्ही."

येताना सगळ्या त्यांना नावे ठेवत होत्या. मीही ठेवली. पण घरी येऊन विचार केला, प्रश्न काही चुकीचा नव्हता. इतकी वर्षे ऐकतेय आणि किती, कधी, कशाचा, यातले एकही मला सांगता येऊ नये?

उत्तर काढले ते सासूबाईंनी. हात गळ्यात अडकवून त्या दिवसभर ओटीवर बसून कंटाळत होत्या. म्हणाल्या, "मला डबाभर चिंचोके दे आणि दोन वाट्या. डावा हात धड आहे माझा." हॉर्न वाजला की एक चिंचोका पहिल्या वाटीत. कर्ण्याची गाणी वाजवत ट्रॅक्टर गेला की एक दुसऱ्या वाटीत. तास झाला की मी मोजून वहीत लिहायचे. सकाळी एक तास, शाळा सुटताना एक तास, रात्री दहा ते अकरा एक तास. रात्रीच्या तासाला आम्ही पाळ्या लावल्या. असे पंधरा दिवस केले. पहिल्याच दिवशी शाळा सुटण्याच्या तासाला वाटी भरून चिंचोके खाली सांडले.

तिसऱ्या दिवशी पाहते तर सासूबाईंपाशी तिसरी वाटी. "ही कशाची?" विचारले, तर म्हणाल्या, "ही आपली." म्हणजे? तर आमच्याच गल्लीतले लोक, गेटपाशी येऊन मुलाला खाली बोलावण्यासाठी पीं पीं करणारे, शाळेच्या दारात पोराला सोडताना घाई करणारे, ते सगळे त्या तिसऱ्या वाटीत. आणि त्यात रोजचे दोन चिंचोके आमच्या ह्यांचे! संध्याकाळी आले की फाटक उघडावे म्हणून दोनदा हॉर्न द्यायची त्यांची पद्धत. मी ती वाटी ह्यांच्यापुढे ठेवली. ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून उतरून स्वतः फाटक उघडू लागले. अर्जाआधी ही तिसरी वाटी आम्ही दारोदार फिरवली. दोन घरी राग आला. बाकीच्यांनी ऐकले.

पुढच्या गल्लीतले वकील भाऊजी मदतीला आले. त्यांनी जे दाखवले ते तुम्हीही टिपून ठेवावे असे आहे. आपल्याकडे आवाजासाठी २००० सालापासून नियम आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. डेसिबल ही मोजणी आपल्या शेर-किलोसारखी सरळ नाही. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. माझ्या पुतण्याने फोनवरच्या मापकाने आमच्या खिडकीत आकडा पाहिला, तर संध्याकाळी तो सत्तरच्या वर हलत होता. फोनचे माप पुरावा म्हणून चालत नाही, त्याला तपासलेले यंत्र लागते; पण आपल्याला अंदाज येतो.

आणखी एक गोष्ट तर आम्हां कोणालाच ठाऊक नव्हती. २०१० साली या नियमांत भर पडली आणि राहत्या वस्तीत रात्रीच्या वेळी, तातडीचा प्रसंग सोडून, हॉर्न वाजवायलाच मनाई झाली. दोनतीन सुरांत किंवा कर्कश वाजणारे हॉर्न तर १९८९ च्या मोटारवाहन नियमांतच बसत नाहीत. विनाकारण हॉर्न वाजवला तर २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्यात पहिल्या वेळी १००० रुपये आणि पुन्हा केले तर २००० रुपये दंड आहे. ट्रकच्या पाठीवर "हॉर्न ओके प्लीज" लिहायला आपल्या राज्याने २०१५ सालीच बंदी केली. आम्हांला वाटत होते शाळा आहे म्हणजे शांतता क्षेत्र आहेच. तसे नाही. शाळा, दवाखाना, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत ते करता येते. पण २०१७ पासून शासनाने तसे घोषित केल्याशिवाय ते होत नाही. नुसती पाटी लावून भागत नाही.

आपण काही जगावेगळे करतोय असेही समजायला नको. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी १९८० च्या दशकापासून गोंगाटाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. त्यानंतर सुमैरा अब्दुलाली हातात आवाज मोजण्याचे यंत्र घेऊन रस्तोरस्ती फिरल्या आणि २००६ साली त्यांनी आवाज फाउंडेशन काढले. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी तर गंमतच केली. २०२० च्या सुरुवातीला त्यांनी जाहीर केले की सिग्नलला थांबून हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर नेलात, तर लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून मोजू लागेल. जेवढी घाई तेवढा खोळंबा! आणि पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या नागपूरकडच्या महामार्गावर वन्यप्राण्यांसाठी भुयारी वाटा आणि आवाज अडवणाऱ्या भिंती उभारल्या आहेत. हे वाचल्यावर सासूबाई म्हणाल्या, "वाघाला झोप हवी आणि आपल्याला नको होय?"

घरच्या घरी काय करता येते, तेही सांगते, कारण आम्ही सगळे करून पाहिले. जाड पडद्याने खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो. बाहेरचा फारसा अडत नाही. साधा नियम असा, की जिथून वारा येतो तिथून आवाज येतो. म्हणून आधी खिडकीच्या चौकटीच्या फटी बुजवा, दारांना रबरी पट्टी लावा. झोपायची खोली मागच्या बाजूला न्या आणि रस्त्याकडे कोठीची खोली ठेवा. एक ओळ झाडे लावल्याने आवाज अडेल असे आम्हांला वाटले होते; त्यासाठी दाट झाडीचा चांगला रुंद पट्टा लागतो. झाडे जरूर लावा, पण सावलीसाठी. आणि घरात वयस्कर माणूस असेल तर त्याच्या उशाशी आणि मोरीत एक घंटा लावा. आमच्या मोरीत आता वायरची घंटा आहे. ती पहिल्या दिवशी लावायला हवी होती.

तर, आकड्यांचा दुसरा अर्ज गेला. या वेळी तो बाजूला ठेवला गेला नाही. फेब्रुवारीत एका रात्री रस्त्यावर तपासणी झाली आणि कर्णे लावलेल्या चार ट्रॅक्टरांना दंड झाला. आम्ही खिडकीतून पाहिले. मला आनंद झाला, खोटे कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात एक बाई उभी. माझ्या सहावीतल्या एका मुलाची आई. तिचा नवरा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर चालक. डोक्यावरचा पदर सावरत ती म्हणाली, "बाई, अर्ज तुमी लिवला म्हनं. मालकानं दंड आमच्या मालकांच्या पगारातनं कापला. लई रागावून न्हाई आले मी. पर एक सांगती. ती गानी हौसंनं न्हाई लावत. दोन-दोन रात्री डोळ्याला डोळा नसतोय. गानं बंद झालं की डुलकी येती, आन् डुलकी आली की ट्रॅक्टर ओढ्यात."

तिच्यापुढे मला काही बोलता येईना. मला माझ्या सासूबाईंची हाक ऐकायची होती आणि तिला नवरा सकाळी घरी यायला हवा होता. यातले कुठले कमी महत्त्वाचे? तिचा मुलगा दारातून आमच्याकडे पाहत होता.

संध्याकाळी बायकांत हे सांगितले, तर दोन तट पडले. कोपऱ्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "नियम तो नियम. त्यांची झोप त्यांच्या मालकाने बघावी." हे बरोबरच होते. काकू म्हणाल्या, "मालक बघणार नाही आणि दंड मात्र गरिबाला." हेही बरोबर होते. रात्री नऊपर्यंत वाद चालला. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "आपल्या गल्लीपुरता रस्ता किती? पेट्रोल पंपापासून ओढ्याच्या पुलापर्यंत. दहा मिनिटांचा. तेवढंच मागा की त्यांच्याकडे. जन्मभराचं कशाला मागता?"

दुसऱ्या दिवशी आम्ही सहाजणी आणि आमचे हे पंपाजवळच्या चहाच्या टपरीवर गेलो. तिथे ट्रॅक्टर थांबतात. सुरुवातीला चालक आमच्याकडे पाहीनात. मग मीच म्हटले, "दंडाचं बोलायला आले नाही. सासूबाई पडल्या, त्यांची हाक मला ऐकू आली नाही, ते सांगायला आलेय." एक म्हातारा चालक उठला आणि त्याने मला बसायला स्टूल दिले. त्याने सांगितलेली गोष्ट मला नवी होती. मागच्या गाड्या इतके हॉर्न का देतात? तर अंधारात ट्रॉली दिसत नाही, दिसते तेव्हा फार जवळ आलेली असते. मग घाबरून हॉर्न. ट्रॉलीला मागे रेडियमच्या पट्ट्या असल्या तर लांबून चमकतात. पण त्या लावायच्या कोणी? मालक म्हणतो पुढच्या वर्षी.

त्या महिन्याची आमची भिशी होती. नंबर काकूंचा लागला होता. त्यांनी त्यातले निम्मे पैसे काढून दिले, बाकी आम्ही वर्गणी केली आणि लाल-पांढऱ्या रेडियमची भेंडोळी आणली. दोन रविवार बसून आम्ही आणि शाळेची मुले टपरीवर थांबणाऱ्या ट्रॉल्यांना पट्ट्या चिकटवत होतो. तो सहावीतला मुलगा सगळ्यांत पुढे. त्याच्या वडिलांनी कर्ण्याची वायर सोडून माझ्या हातात दिली आणि हसून म्हणाले, "पूल गेला की परत लावनार बरं का, बाई." मी म्हटले, "लावा की."

सगळे सुरळीत झाले असे लिहिले तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि ते खरेही नाही. बाहेरगावचे ट्रॅक्टर आमचे ऐकत नाहीत. सायलेन्सर बदललेली पोरे अजून फटाके फोडतात. शाळेच्या शांतता क्षेत्राचा अर्ज कुठल्या टेबलावर आहे, याची चौकशी मी दर महिन्याला करते. पण वहीमुळे एक मोठी गोष्ट झाली. शाळा सुटतानाची वाटी सगळ्यांत जास्त का भरते, ते पाहायला आम्ही उभे राहिलो, तर दिसले की एस. टी.चा थांबा बरोबर वळणावर आहे. एस. टी. थांबली की मागची सगळी रांग अडते आणि अडली की वाजते. थांबा वळणापुढे साठ पावलांवर, रस्ता रुंद आहे तिथे न्यावा, असा नकाशा काढून आम्ही तिसरा अर्ज दिला. आठ महिने आणि अकरा हेलपाटे लागले. पण नवीन हंगाम सुरू होण्याआधी थांबा हलला. मला आता शाळेतून येताना साठ पावले जास्त चालावे लागते. मी आनंदाने चालते.

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्याकडेही असा रस्ता असेल, तर सह्या गोळा करायच्या आधी मोजायला बसा. कधी, किती, कशाचा, हे लिहा. त्यात आपला किती, हेही लिहा. आणि जो आवाज करतो तो का करतो, हे त्याला एकदा विचारा. दंड करायचा तर नंतरही करता येतो.

मागच्या महिन्यात हंगाम संपला. सासूबाईंचा हात बरा आहे, फक्त थंडीत दुखतो. परवा मी मागे कपडे वाळत घालत होते आणि त्यांनी पुढून हाक मारली, "अगं, ऐकलंस का?" अगदी साध्या आवाजात. मी "ओ" म्हटले. काम काही नव्हते. त्या नुसत्या हसल्या.

मांडणी आवरताना चिंचोक्यांच्या वाट्या हाती आल्या. चिंचोके टाकून वाट्या घासायला घेणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "टाकू नकोस गं. दिवाळीनंतर लागतील."